कोरा कागद, पेन आणि पायथन: प्रोग्रामिंगची पायाभरणी घरबसल्या कशी करावी

ग्वाल्हेरला लष्कर भागातल्या मराठी घरांत बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "ताई, आधी कुठली लँग्वेज शिकू? सी, जावा की पायथन?" विचारणाऱ्यांत माधव इन्स्टिट्यूटला इंजिनिअरिंगला जाणारा असतो, जिवाजी विद्यापीठातून बीकॉम करणारी असते, आणि हल्ली बँकेतून निवृत्त झालेले एखादे काकाही असतात. मी सगळ्यांना एकच सांगते. भाषा पायथन घ्या, पण पहिला महिनाभर कीबोर्डाइतकाच कागदही वापरा.

प्रोग्रामिंगमध्ये दोन वेगळी कामं असतात. एक, प्रश्न सोडवायच्या पायऱ्या ठरवणं. दोन, त्या पायऱ्या यंत्राला कळतील अशा लिहिणं. दुसरं काम तुलनेनं सोपं आहे; त्याचे नियम थोडे आणि ठरलेले आहेत. नवशिके अडतात ते बहुतेक वेळा पहिल्या कामात, पण त्यांना वाटतं आपल्याला पायथन जमत नाही. मग ते भाषा बदलतात, क्लास बदलतात, नवे व्हिडिओ शोधतात. पायऱ्या ठरवायला मराठी पुरते. घरी मराठी आणि बाहेर हिंदी बोलणाऱ्या मुलांनी "माझं इंग्रजी कच्चं आहे" म्हणून मागे सरू नये. सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द तीस-चाळीसच्या वर नाहीत.

तयारी

चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पुष्कळ झाला. पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून पायथन ३ मोफत उतरवून घ्या. विंडोज असेल तर इन्स्टॉल करताना 'पाथ'मध्ये (प्रोग्राम कुठे शोधायचे याच्या विंडोजच्या यादीत) जोडण्याबद्दलचा छोटा चौकोन दिसला तर त्यावर खूण करा. ती राहिली तर पुढे "पायथन सापडत नाही" असा संदेश येतो आणि माणूस सुरुवातीलाच हिरमुसतो. पायथनबरोबर आयडल नावाचा एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायची खिडकी, आपोआप येतो. त्यापेक्षाही मला नवशिक्यांसाठी थॉनी आवडतो. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात तो खास शिकणाऱ्यांसाठी तयार झाला. त्यात प्रोग्राम एकेक पायरी पुढे नेता येतो आणि प्रत्येक नावात त्या क्षणी कोणती किंमत (म्हणजे आकडा किंवा मजकूर) आहे हे बाजूच्या खिडकीत दिसतं. घरात लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ चालतं. फोनवर शिकता येतं, मात्र कंस आणि मोकळ्या जागा टाइप करताना चिकाटी लागते.

आणि एक वही. रेघांची असली तरी चालेल, चौकटींची असेल तर उत्तम.

पुढे दिलेले प्रोग्राम देवनागरीत छापले आहेत. ते टाइप करताना प्रिंट, इनपुट, इंट, इफ, एलिफ, एल्स, फॉर, इन, व्हाइल, डेफ, रिटर्न हे शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायचे. इंट म्हणजे आय-एन-टी, डेफ म्हणजे डी-ई-एफ, एलिफ म्हणजे ई-एल-आय-एफ. प्रोग्राममधले आकडेही इंग्रजी बटणांचे. बाकी जी नावं आपण ठेवतो, लांबी, भाव, वर्गणी, ती पायथन ३ मध्ये देवनागरीत लिहिली तरी चालतात. कंपनीत काम करताना नावं इंग्रजीतच ठेवण्याचा रिवाज आहे, पण शिकताना आपल्या भाषेतलं नाव डोळ्यांसमोर असलं की लक्ष पायऱ्यांवर राहतं.

पहिला प्रोग्राम: किल्ल्यावरची बाग

"हॅलो वर्ल्ड" छापून झाल्यावर कुणाला फार काही मिळाल्यासारखं वाटत नाही. आपण ग्वाल्हेरचे. आपल्या किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढावर, एकाच खडकात कोरलेल्या चतुर्भुज मंदिरात इ. स. ८७६ चा शिलालेख आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या, काळ नक्की माहीत असलेल्या शून्याच्या नोंदींत त्याची गणना होते. देवळासाठी दिलेल्या बागेची मापं त्यात आहेत : २७० हात लांब, १८७ हात रुंद. आणि देवाला रोज ५० माळा. २७० आणि ५० या दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल आहे, फक्त जरा लहान. आपला पहिला हिशेब याच बागेचा करू.

लांबी = २७०
रुंदी = १८७
माळा = ५०
प्रिंट("क्षेत्रफळ:", लांबी * रुंदी)
प्रिंट("वर्षाच्या माळा:", माळा * ३६५)

चालवल्यावर ५०४९० आणि १८२५० ही उत्तरं यायला हवीत. चालवण्याआधी वहीत गुणाकार करून घ्या. उत्तर आधी स्वतः काढायचं आणि मग यंत्राचं बघायचं, ही सवय पहिल्याच दिवशी लावा.

आता प्रोग्राम मुद्दाम बिघडवा. प्रिंटच्या दोन ओळी सगळ्यात वर नेऊन ठेवा. यंत्र तक्रार करेल की 'लांबी' हे नाव मला ठाऊक नाही. ते वरून खाली एकेक ओळ वाचतं, पुढे काय येणार आहे याचा अंदाज बांधत नाही. एक अवतरणचिन्ह काढून बघा, एक कंस काढून बघा, 'लांबी'ची 'लांबि' करून बघा. प्रत्येक बिघाडाला कोणता संदेश येतो ते वहीत टिपून ठेवा. स्वतः ओढवून घेतलेली चूक भीतीदायक वाटत नाही, आणि पुढे तीच चूक नकळत झाली की चेहरा ओळखीचा असतो.

याच टप्प्यावर बरोबरच्या चिन्हाचा अर्थ पक्का करा. गणितात डावी आणि उजवी बाजू सारखी असं आपण म्हणतो. इथे ती आज्ञा आहे : उजवीकडचं काम आधी कर, जे येईल त्याला डावीकडचं नाव दे. नाव म्हणजे किमतीला चिकटवलेली चिठ्ठी. ती काढून दुसऱ्या किमतीला लावता येते. म्हणूनच 'माळा = माळा + १' ही ओळ गणितात खोटी असली तरी इथे अगदी रास्त आहे. उजवीकडे ५० अधिक १, झाले ५१. आता 'माळा' ही चिठ्ठी ५१ वर. "ही किंमत त्या किमतीएवढी आहे का?" असं विचारायचं असेल तर बरोबरचं चिन्ह दोनदा, जोडून लिहायचं.

आकडा आणि आकड्यासारखा दिसणारा मजकूर

वापरणाऱ्याकडून माहिती घ्यायला इनपुट वापरतात. इथे जवळपास प्रत्येक जण एकदा फसतो, म्हणून जरा थांबून बघू. गणपतीची वर्गणी विचारणारा प्रोग्राम लिहिला :

पहिली = इनपुट("पहिली वर्गणी: ")
दुसरी = इनपुट("दुसरी वर्गणी: ")
प्रिंट(पहिली + दुसरी)

पहिल्याला ५०१ आणि दुसऱ्याला १०१ दिले, तर उत्तर ६०२ येत नाही, ५०११०१ येतं. कारण इनपुट जे देतं तो नेहमी मजकूर असतो, आणि मजकुरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. आकडा हवा असेल तर इंटमधून काढावा लागतो :

पहिली = इंट(इनपुट("पहिली वर्गणी: "))

इंटला देवनागरी आकडेही कळतात. कुणी मराठी कीबोर्डावरून ५०१ असं टाइप केलं तरी बेरीज बिनचूक येते. आजोबांना प्रोग्राम वापरून दाखवायचा असेल तर हे फार कामाचं आहे.

दशांश अपूर्णांकांबाबत एक सावधगिरी. पायथनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून छापा. ०.३ च्या पुढे शून्यांची रांग आणि शेवटी ४ दिसेल. यंत्र बिघडलेलं नाही. ते आकडे दोनावर आधारलेल्या (बायनरी) पद्धतीत साठवतं, आणि एक दशांश त्या पद्धतीत नेमका मावत नाही. जसा एक तृतीयांश आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ करत संपतच नाही. म्हणून पैशांचा हिशेब करताना रक्कम पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवा आणि रुपये फक्त दाखवताना काढा.

भागाकाराची तीन चिन्हं आहेत. एक तिरकी रेघ दिली तर ७ भागिले २ चं उत्तर ३.५. दोन तिरक्या रेघा दिल्या तर ३. टक्क्याचं चिन्ह दिलं तर बाकी, म्हणजे १. सम-विषम ओळखणं, मिनिटांचे तास करणं, नोटा मोजणं, या सगळ्यात बाकी उपयोगी पडते.

निर्णय: विजेचं बिल

इफ (जर), एलिफ (नाहीतर जर) आणि एल्स (नाहीतर) शिकायला वीजबिल हे माझं आवडतं उदाहरण आहे, कारण त्यात विचार चुकायला भरपूर वाव असतो. समजा पहिल्या ५० युनिटना दर ४ रुपये, पुढच्या १०० युनिटना ५ रुपये आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटला ६ रुपये. हे दर सोयीसाठी घेतलेत. खरे आपल्या बिलाच्या कागदावरून घ्या.

पुष्कळ जण लिहितात की युनिट १५० पेक्षा जास्त असतील तर युनिट गुणिले ६. मग १८० युनिटचं बिल १०८० येतं. पण वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो. खरं बिल असं : पहिल्या ५० चे २००, पुढच्या १०० चे ५००, उरलेल्या ३० चे १८०, एकूण ८८०. हे कागदावर मांडलं की प्रोग्राम आपोआप सुचतो :

युनिट = इंट(इनपुट("युनिट किती? "))
इफ युनिट <= ५०:
    बिल = युनिट * ४
एलिफ युनिट <= १५०:
    बिल = २०० + (युनिट - ५०) * ५
एल्स:
    बिल = ७०० + (युनिट - १५०) * ६
प्रिंट("बिल:", बिल)

इफच्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं, आणि तिच्या खालची ओळ चार मोकळ्या जागा सोडून. पायथनमध्ये ही जागा शोभेची नाही. कोणतं काम कोणत्या अटीखाली आहे हे त्यावरूनच ठरतं. शेवटची प्रिंटची ओळ पुन्हा डावीकडे आली आहे, म्हणून ती कोणत्याही अटीत छापली जाते. तीच ओळ चार जागा आत ढकलली तर फक्त १५० च्या वरच्यांचं बिल छापलं जाईल, आणि यंत्र तक्रारही करणार नाही.

तपासणी कशी करायची? मनाला येईल तो आकडा देऊन नव्हे. जिथे नियम बदलतो त्या काठावरचे आकडे द्या : ०, ५०, ५१, १५०, १५१. उत्तरं अनुक्रमे ०, २००, २०५, ७०० आणि ७०६ यायला हवीत. मग उणे दहा देऊन बघा. उणे चाळीस रुपयांचं बिल येईल. असं बिल कुणी काढू नये यासाठी आणखी एक अट लागेल. ती तुम्हीच लिहा.

फेरा आणि हाताने चालवणं

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाकीचं घाईनं वाचलंत तरी चालेल, इथे वही उघडून बसा.

आपल्याकडे वर्गणीची यादी आहे आणि सर्वांत मोठी वर्गणी शोधायची आहे. आपण नजर फिरवतो आणि ११०० म्हणतो. यंत्राला नजर नाही. ते एका वेळी एकच आकडा बघतं. मग आतापर्यंतचा मोठा आकडा कुठेतरी लक्षात ठेवायला हवा, आणि नवा आकडा आला की त्याच्याशी ताडून बघायला हवा. मराठीत पायऱ्या एवढ्याच. यादीतल्या प्रत्येक आकड्यासाठी तेच काम पुन्हा करणं म्हणजे फेरा, आणि तो फॉरने लिहितात. पायथनमध्ये :

वर्गणी = [५०१, १०१, ११००, २५१]
मोठी = ०
फॉर रक्कम इन वर्गणी:
    इफ रक्कम > मोठी:
        मोठी = रक्कम
प्रिंट(मोठी)

हा प्रोग्राम चालवू नका. वहीत तीन रकाने आखा : 'रक्कम', 'अट खरी का?', 'मोठी'. सुरुवातीला मोठीच्या रकान्यात ०. आता तुम्हीच यंत्र व्हा आणि एकेक फेरी लिहा.

पहिली फेरी : रक्कम ५०१. ५०१ शून्यापेक्षा मोठी, अट खरी. मोठी झाली ५०१.
दुसरी फेरी : रक्कम १०१. अट खोटी. मोठी ५०१ च.
तिसरी फेरी : रक्कम ११००. अट खरी. मोठी ११००.
चौथी फेरी : रक्कम २५१. अट खोटी. मोठी ११००.
यादी संपली. छापा ११००.

याला ड्राय रन म्हणतात. चार ओळींसाठी एवढा खटाटोप कंटाळवाणा वाटतो हे मला ठाऊक आहे. तरी माझा आग्रह आहे, कारण प्रोग्राम वाचता येणं म्हणजे नेमकं हेच. ज्याला कागदावर फेऱ्या चालवता येतात त्याला स्वतःची चूक शोधता येते. ज्याला येत नाहीत तो अंदाजाने चिन्हं बदलत बसतो. घरात धाकटं भावंड असेल तर त्याला यंत्र करा. तुम्ही ओळ वाचायची, त्याने रकाना भरायचा, आणि स्वतःच्या डोक्याने काहीही करायचं नाही. "दादा, पण मोठी कुठे सांगितलीय?" असं त्यानं विचारलं की समजावं, तुमच्या पायऱ्यांत भोक आहे.

आता याच प्रोग्रामला दुसरी यादी द्या. समजा द्रासच्या हिवाळ्यातली तापमानं आहेत : उणे १२, उणे ७, उणे १५. सर्वांत जास्त तापमान कोणतं? उणे ७. रकाने पुन्हा भरा. उणे १२ शून्यापेक्षा मोठं नाही. उणे ७ ही नाही. उणे १५ ही नाही. शेवटी मोठीच्या रकान्यात शून्यच, जे यादीत कुठेच नव्हतं. वर्गणीला बरोबर चाललेला प्रोग्राम इथे चुकला, तोही एकही तक्रार न करता. दोष आपल्या पहिल्या ओळीत होता : शून्य हा आकडा आपण कुठूनही उचलून आणला होता. दुरुस्ती अशी की सुरुवात यादीतल्याच एका आकड्याने करायची :

मोठी = वर्गणी[०]

इथे चौकोनी कंसात शून्य का? कारण पायथन यादीतली जागा शून्यापासून मोजतं. यादीच्या सुरुवातीपासून किती घरं पुढे जायचं, ते कंसात लिहायचं. पहिल्या घरासाठी शून्य घरं पुढे. चार आकड्यांच्या यादीत शेवटचं घर ३ क्रमांकाचं. ४ मागितलंत तर यंत्र इंडेक्सएरर देईल. आणि यादी रिकामीच असेल तर शून्याचं घरही नाही, तेव्हाही हाच एरर. म्हणजे दुरुस्ती केल्यावरही एक प्रश्न उरला : कुणीच वर्गणी दिलेली नसेल तर काय छापायचं? हे पायथन सांगणार नाही, मंडळाच्या खजिनदारांना विचारावं लागेल. प्रोग्रामरचं बरंचसं काम असे प्रश्न वेळेवर विचारण्याचं असतं.

किती वेळा फिरायचं हे आधीच ठाऊक असेल तर फॉर वापरा. ठाऊक नसेल, उदाहरणार्थ "शून्य दिलं की थांब" असं सांगायचं असेल, तर व्हाइल :

एकूण = ०
रक्कम = इंट(इनपुट("वर्गणी, संपल्यावर ०: "))
व्हाइल रक्कम > ०:
    एकूण = एकूण + रक्कम
    रक्कम = इंट(इनपुट("वर्गणी, संपल्यावर ०: "))
प्रिंट("जमा:", एकूण)

आतली दुसरी इनपुटची ओळ विसरलात तर रक्कम कधी बदलणारच नाही आणि फेरा अखंड चालू राहील. तेव्हा कंट्रोल आणि सी ही बटणं एकत्र दाबा, प्रोग्राम थांबेल.

एरर आला की

इंग्रजीतला तो लाल मजकूर पाहून मुलं खिडकीच बंद करतात. वाचायची रीत अगदी साधी आहे : सगळ्यात खालची ओळ आधी वाचा. तिथे चुकीचा प्रकार आणि कारण असतं. मग तिच्या वर ओळीचा क्रमांक शोधा. नेमएरर म्हणजे न ठेवलेलं किंवा चुकीचं लिहिलेलं नाव. टाइपएरर म्हणजे मजकूर आणि आकडा यांची भेसळ. व्हॅल्यूएरर बहुधा इंटला 'पाचशे' असा शब्द दिल्यावर येतो. इंडेंटेशनएरर म्हणजे मोकळ्या जागा हुकल्या. सिंटॅक्सएरर असेल तर दाखवलेल्या ओळीच्या आधीची ओळही तपासा. अनेकदा कंस तिथे उघडा राहिलेला असतो.

एरर न देता चुकीचं उत्तर देणारा प्रोग्राम जास्त घातक. त्यावर उपाय ड्राय रन, आणि संशय असेल तिथे मध्येच एक प्रिंट घालून किंमत बघणं.

फंक्शन, आणि जिथे सगळे गोंधळतात

तेच काम दोनदा लिहिताय असं वाटलं की त्याला नाव द्या. असं नाव दिलेलं काम म्हणजे फंक्शन :

डेफ बेरीज(यादी):
    एकूण = ०
    फॉर रक्कम इन यादी:
        एकूण = एकूण + रक्कम
    रिटर्न एकूण

प्रिंट(बेरीज(वर्गणी))

डेफच्या ओळी वाचताना यंत्र काम करत नाही, फक्त लक्षात ठेवतं. काम होतं ते शेवटच्या ओळीत, नावाने हाक मारल्यावर. गोंधळ होतो तो रिटर्न आणि प्रिंट यांत. प्रिंट पडद्यावर दाखवतं, माणसासाठी. रिटर्न उत्तर परत देतं, प्रोग्रामच्या पुढच्या ओळीसाठी. फंक्शनच्या आत रिटर्नऐवजी प्रिंट लिहून बघा. बेरीज दिसेल आणि तिच्याखाली 'नन' हा शब्द येईल, म्हणजे काहीच परत आलं नाही. त्या बेरजेतून मांडवाचा खर्च वजा करायचा असेल तर प्रिंटवालं फंक्शन निरुपयोगी आहे. ही गोष्ट एकदा हाताने करून बघितली की पुढची कित्येक प्रकरणं सोपी जातात.

डिक्शनरी आणि फाइल

यादीत जागेच्या क्रमांकाने शोधतात, डिक्शनरीत नावाने. "जोशी काकूंनी किती दिले?" हे विचारायला डिक्शनरी. महिरपी कंसात नाव, दोन टिंबं, रक्कम. एवढं कळलं की वर्गणीची अख्खी वही त्यात मावते.

प्रोग्राम बंद केला की ही सगळी माहिती जाते, म्हणून ती फाइलमध्ये लिहायची. मराठी मजकूर फाइलमध्ये लिहिताना, फाइल उघडणाऱ्या ओपनच्या कंसात एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट सांगा. विंडोजवर ते सांगितलं नाही तर बहुतेक वेळा एरर येतो किंवा नावांच्या जागी कचरा दिसतो. इंग्रजीतल्या बऱ्याच धड्यांत हे येत नाही, कारण इंग्रजी मजकुराला ही अडचण येत नाही. देवनागरीचं आणखी एक : लेन हे फंक्शन मजकुराची लांबी सांगतं, पण काना, मात्रा, अनुस्वार ते वेगळे मोजतं. 'पोहे' आपल्याला दोन अक्षरं दिसतात. लेन ४ सांगतं.

कुठून शिकावं, किती वेळ द्यावा

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मोफत आहेत आणि त्यांतले अनेक मराठीत ऐकता येतात. थोडं पुढे गेल्यावर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमावरचे व्याख्यानांचे अभ्यासक्रम आहेत. ऐकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच शुल्क. एकच अभ्यासक्रम धरा आणि संपवा. व्हिडिओ दहा मिनिटं बघितला की तो बंद करून तेच उदाहरण न बघता स्वतः टाइप करा. कॉपी करून चिकटवू नका. बोटांनी केलेल्या चुका बोटांनीच दुरुस्त कराव्या लागतात.

सिटी सेंटरला किंवा फुलबागेकडे क्लास लावायचा विचार असेल तर फी भरण्याआधी एक वर्ग बसून बघा. मास्तर फळ्यावर लिहितात आणि मुलं उतरवून घेतात, असं चाललं असेल तर तो क्लास टाळा. प्रत्येक विद्यार्थ्याला रोज स्वतः प्रोग्राम लिहायला किती वेळ मिळतो, आणि चुकलेला प्रोग्राम कोण बघतं, हे दोन प्रश्न विचारा. "सर्टिफिकेट मिळेल ना?" हा प्रश्न पालक आधी विचारतात. तो शेवटी विचारला तरी चालतो.

एआयच्या चॅटबॉटला प्रश्न विचारला की तयार प्रोग्राम मिळतो. काम करणाऱ्याला त्याचा उपयोग आहे, शिकणाऱ्याचं त्यात नुकसान होतं, कारण पायऱ्या ठरवायचं पहिलं काम दुसऱ्यानं केलेलं असतं. त्याला असं विचारा : "हा एरर का आला ते समजाव, दुरुस्त प्रोग्राम देऊ नकोस." किंवा आपला ड्राय रन त्याला दाखवा आणि कोणती फेरी चुकली तेवढंच विचारा.

रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस. रविवारी आठ तास बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं. या गतीने नावं, आकडे-मजकूर आणि इफ यांना तीन आठवडे, फेरे आणि याद्यांना चार, कारण खरी मेहनत तिथे आहे, फंक्शनला दोन, डिक्शनरी आणि फाइलला दोन. इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना पहिल्या वर्षी बहुधा सी असतं. काळजी नको. अट, फेरा, यादी, फंक्शन तिथेही तेच आहेत; चिन्हं बदलतात आणि प्रत्येक नावाचा प्रकार आधी सांगावा लागतो.

हे तीन महिने झाल्यावर स्वतःची परीक्षा अशी घ्या. कोरी फाइल उघडा, जुने प्रोग्राम बंद ठेवा, आणि वर्गणीचा पूर्ण प्रोग्राम लिहा : नाव आणि रक्कम विचारेल, त्याच माणसाने पुन्हा दिले तर आधीच्या रकमेत मिळवेल, 'पाचशे' असं अक्षरी लिहिलं तर बंद न पडता पुन्हा विचारेल, सर्वांत मोठी वर्गणी आणि एकूण जमा सांगेल, आणि सगळं फाइलमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू करेल. मध्ये अडलात तर पायथनचं अधिकृत माहितीपत्रक (डॉक्युमेंटेशन) उघडायला हरकत नाही, सगळेच उघडतात. प्रोग्राम पुरा झाला की तो घरातल्या अशा कुणाला तरी वापरायला द्या ज्यांनी तुम्हाला तो लिहिताना पाहिलेलं नाही, आणि ते कुठे अडखळतात ते शेजारी बसून, न बोलता टिपून घ्या. पुढच्या आठवड्याचं काम त्या टिपणातच मिळेल.